चिंच-गुळाच्या जिभेला जर्मन वाइन

जर्मनीतून येणाऱ्या गोड पांढऱ्या वाइनविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे साठली होती. विषय एकच असल्यामुळे ती या वेळी एकत्र घेतली आहेत. लांबलेले प्रश्न तेवढे थोडे आवरते केले आहेत.

प्रश्न : मुलगा जर्मनीहून येताना मोझेलची ‘रीसलिंग श्पेटलेझे’ अशी बाटली घेऊन आला. वाइन गोड आहे असे त्याने सांगितले, म्हणून जेवणानंतर गुलाबजामांबरोबर ती दिली, तर सगळ्यांना ती लिंबू पिळल्यासारखी आंबट लागली. बाटली खराब निघाली का? (एक वाचिका, ठाणे)

बाटली चांगलीच होती, घात गुलाबजामांनी केला. पेढा किंवा जिलबी खाऊन लगेच चहा घेतला, तर नेहमीइतकी साखर घातलेला चहाही अगोड लागतो, हा अनुभव प्रत्येक घरात आहे. जिभेला एकदा पाकाची गोडी लागली की तिच्याहून कमी गोड असलेल्या पदार्थातली साखर तिला जाणवेनाशी होते, आणि त्या पदार्थात आंबटपणा असेल तर तेवढाच मागे उरतो. श्पेटलेझे, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या, गोड वाइनमध्ये लिटरमागे साधारण ६० ते ९० ग्रॅम साखर असते; गुलाबजामाच्या पाकात निम्म्याच्या आसपास साखरच असते. या सामन्यात वाइनचा निभाव लागणे शक्य नव्हते.

शिवाय या वाइनमध्ये आंबटपणा मुळातच भरपूर आहे, आणि तिची सारी खुमारी त्यावरच उभी आहे. मोझेल नदीचे खोरे पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास, म्हणजे द्राक्ष जेमतेम पिकू शकेल अशा थंड पट्ट्यात आहे. तिथे मणी सावकाश पिकतो, साखर हळूहळू चढते आणि आम्ल मात्र उष्ण प्रदेशातल्यासारखे झपाट्याने उतरत नाही. तळघरात रस आंबत असताना सगळी साखर संपण्याच्या आधीच ती क्रिया थांबते किंवा थांबवली जाते. पूर्वी हिवाळ्याची थंडी हे काम करीत असे. आता पिंप गार करून, वाइन बारीक गाळून आणि थोडे गंधक वापरून ते केले जाते. त्यामुळे बाटलीत द्राक्षाची स्वतःची साखर उरते, अल्कोहोल ८-९ टक्क्यांवर थांबते, आणि लिटरला सात ते नऊ ग्रॅम आम्ल त्या साखरेला तोलून धरते. कैरीच्या पन्ह्यातून कैरी काढून टाकली तर गुळाचे पाणी उरेल, आणि ते कोणी दुसऱ्यांदा मागणार नाही. रीसलिंग या द्राक्षाच्या वाइनचेही तसेच आहे.

म्हणून ‘गोड वाइन गोडाबरोबर’ हा सल्ला या बाबतीत विसरावा. वाइन जेवणाच्या शेवटी ठेवायचीच असेल तर ती मिठाईपेक्षा गोड असली पाहिजे, आणि आपल्या पाकातल्या किंवा आटवलेल्या दुधाच्या पदार्थांपेक्षा गोड वाइन शोधणे हा खर्चिक उद्योग आहे. श्पेटलेझेची खरी जागा जेवणाच्या आधी आणि जेवणात आहे, जिथे मीठ, तिखट आणि तळण असते. त्याविषयी पुढे श्टुटगार्टच्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, ते आपणही वाचावे. दुसरी बाटली आली तर ती कोथिंबीर वडीबरोबर उघडून पाहा.

प्रश्न : मी पुण्यात जर्मन शिकतो आणि लवकरच कामासाठी फ्रँकफुर्टला जाणार आहे. भाषा कळूनही वाइनचे लेबल कळत नाही. दुकानात उभे राहून बाटली गोड की कोरडी हे कसे ओळखावे? (एक वाचक, पुणे)

सर्वांत सोपी खूण लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली असते, ती म्हणजे अल्कोहोलचा आकडा. रीसलिंगच्या बाटलीवर साडेसात ते नऊ टक्के असेल, तर रसातली बरीच साखर न आंबता मागे राहिली आहे आणि वाइन गोड आहे. साडेअकरा-बाराच्या पुढे असेल, तर साखर जवळजवळ सगळी संपली आहे. मधल्या आकड्यांत मधली चव मिळते. जर्मन न येणाऱ्यालाही हा हिशेब जमतो आणि तो क्वचितच फसवतो.

आपल्याला भाषा येत असल्यामुळे शब्दही पाहता येतील. ‘ट्रॉकन’ म्हणजे कोरडी, लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर असलेली. ‘हाल्पट्रॉकन’ साधारण १८ ग्रॅमपर्यंत, ‘लीबलिश’ ४५ पर्यंत आणि ‘झ्यूस’ त्याच्या पुढे. ‘फाइनहेर्ब’ या शब्दाला कायद्यात ठरीव माप नाही. निम्मी कोरडी, किंचित गोड, असे उत्पादक त्यातून सुचवतात. गंमत अशी की उत्तम गोड बाटल्यांवर यांपैकी एकही शब्द बहुधा नसतो. नुसते ‘श्पेटलेझे’ लिहिले आहे आणि पुढे ‘ट्रॉकन’ नाही, एवढ्यावरून जाणकार ती गोड समजतात.

गोंधळ होतो तो काबिनेट, श्पेटलेझे, औसलेझे, बीअरनऔसलेझे, आइसवाइन, ट्रॉकनबीअरनऔसलेझे या पायऱ्यांमुळे. १९७१ च्या वाइन कायद्याने त्या पक्क्या केल्या. त्या बाटलीतली गोडी सांगत नाहीत. तोडणीच्या वेळी रसात साखर किती होती ते सांगतात. ते मोजण्याचे माप ‘ओक्सले’ हे फोर्त्सहाइमचे सोनार-यंत्रकार फेर्डिनांड ओक्सले (१७७४–१८५२) यांच्या नावाचे आहे : एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. श्पेटलेझेसाठी प्रदेशानुसार ७६ ते ९० अंश लागतात. मात्र तोच रस पूर्ण आंबू दिला तर ‘श्पेटलेझे ट्रॉकन’ मिळते, जी उशिरा तोडलेल्या पिकलेल्या द्राक्षांची असूनही चवीला कोरडी असते. ‘ट्रॉकनबीअरनऔसलेझे’ या नावातला ‘ट्रॉकन’ हा वाइनला नसून वेलीवरच सुकून बेदाण्यासारख्या झालेल्या मण्यांना लागू आहे, आणि ती वाइन तर सगळ्यांत गोड असते. जर्मन शिकणारे नेमके इथेच फसतात.

‘वेलनर झॉननऊर’ यासारखे दोन शब्द दिसले तर पहिला गावाचा आणि दुसरा मळ्याचा, म्हणजे वेलन गावचा ‘सूर्यघड्याळ’ मळा. तिथल्या उभ्या कातळावर १८४२ साली उभारलेले सूर्यघड्याळ अजून आहे. पहिल्या खरेदीला काबिनेट किंवा श्पेटलेझे घ्यावी. भारतात परतताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. दोन पूर्ण बाटल्या आणि औसलेझेची एक अर्धी बाटली धरली तर पावणेदोन लिटरांच्या थोडे वर, पण मर्यादेतच बसते.

प्रश्न : आमची तासगाव भागात द्राक्षबाग आहे. जर्मनीत बुरशी लागलेल्या द्राक्षांची वाइन सर्वांत महाग विकली जाते असे वाचले. आम्ही वर्षभर बुरशीवर फवारण्या करीत असतो, म्हणून हे खरे वाटत नाही. (एक बागायतदार, सांगली जिल्हा)

हे खरे आहे, पण ती बुरशी वेगळी आणि तिची वेळ वेगळी. आपल्याकडच्या भुरी आणि डाउनीने बाग हातची जाते, तशीच ती तिकडेही जाते, आणि फवारणी तिथेही चुकत नाही. इथे विषय बोट्रायटिस सिनेरिया या बुरशीचा आहे. पाऊस लागून राहिला तर हीच बुरशी घड कुजवते आणि माल फेकून द्यावा लागतो. परंतु मणी पूर्ण पिकलेला असेल, सकाळी नदीवरून धुके चढत असेल आणि दुपारी कोरडे ऊन पडत असेल, तर ती सालीला बारीक छिद्रे पाडते, आतले पाणी उडून जाते आणि मणी सुरकुतून जांभळट-तपकिरी होतो. साखर, आम्ल आणि वास एवढे आत राहते. जर्मनांनी तिला ‘एडेलफॉयले’, म्हणजे कुलीन कुज, असे नाव दिले आहे. पाहायला तो घड आपण कोणत्याही गिऱ्हाइकाला दाखवणार नाही असाच दिसतो.

आपल्या परिचयाच्या मापात सांगायचे तर, खाण्याच्या द्राक्षाला आपण साधारण १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचे शेकडा माप) आसपास कात्री लावतो. ९० ओक्सले म्हणजे सुमारे साडेएकवीस ब्रिक्स, आणि ट्रॉकनबीअरनऔसलेझेला लागणारे दीडशे ओक्सले म्हणजे चौतीस-पस्तीस ब्रिक्स. एवढी गोडी वेलीवर उभ्या पिकात चढवायची, तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाच्या सावटाखाली, म्हणजे सारा हंगाम डावावर लावणे. शिवाय तोडणी एकदाच होत नाही. त्याच ओळीतून पुन्हा पुन्हा फिरून घडातले तयार मणी तेवढे वेचावे लागतात. मोझेलच्या उतारांवर हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पना तिथे उभे राहिल्याशिवाय येत नाही. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा मळा काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत चढा आहे. पायाखाली निळसर पाटीच्या दगडाचे तुकडे सरकत असतात. मी एकदा सूर्य मावळल्यानंतर तशा एका उतारावर हात टेकला होता. हवा बोचरी होती आणि दगड चुलीजवळच्या फरशीइतका कोमट होता. रात्री वेलीला ऊब देण्याचे काम हे दगड करतात.

या पद्धतीची जी गोष्ट जर्मनीत सांगितली जाते ती ऱ्हाइनगाउमधल्या योहानिसबेर्गच्या मठाची आहे. तोडणीची परवानगी दरवर्षी फुल्डाच्या मठाधिपतींकडून घोडेस्वाराबरोबर येत असे. १७७५ साली स्वार उशिरा पोहोचला, तोवर द्राक्षे कुजू लागली होती; निरुपायाने त्यांचाच रस काढला आणि वाइन अशी उतरली की उशिराची तोडणी ही पुढे रीतच झाली. ‘श्पेटलेझे’ म्हणजे शब्दशः उशिराची वेचणी. त्या स्वाराचा पुतळा तिथल्या अंगणात आहे. हंगेरीतल्या टोकाय भागात हे तंत्र त्याआधीपासून ठाऊक होते, तेव्हा शोधाचा मान स्वाराला पूर्ण देता येणार नाही. पण उशीर केल्याबद्दल पुतळा मिळालेला दुसरा कोणी जासूद माझ्या तरी ऐकिवात नाही.

आइसवाइन याहून निराळी. तिच्यासाठी मणी निरोगी असणे बरे, फक्त ते वेलीवरच गोठावे लागतात. उणे ७ अंश किंवा त्याहून खाली पारा गेला की पहाटेच्या अंधारात तोडणी करून घड गोठलेलेच दाबतात. पाणी बर्फ होऊन मागे राहते आणि दाट रस तेवढा थेंबथेंब गळतो. बिंगेनजवळच्या ड्रोमर्सहाइममध्ये फेब्रुवारी १८३० मध्ये गुरांना घालण्यासाठी ठेवलेल्या गोठलेल्या द्राक्षांपासून ती प्रथम झाल्याची नोंद आहे. आता हिवाळे इतके सौम्य झाले आहेत की २०१९ च्या पिकातून जर्मनीच्या एकाही प्रदेशात आइसवाइन निघाली नाही.

प्रश्न : माझे काका व्यापारी जहाजावर होते. १९८० च्या सुमारास ते ‘लीबफ्राउमिल्श’ नावाची जर्मन वाइन आणीत. हल्ली तिचे नाव काढले की लोक हसतात. ती वाईट होती का? (एक वाचक, रत्नागिरी)

वाईट नव्हती, पातळ होती. हे नाव मुळात वोर्म्स शहरातल्या लीबफ्राउएन चर्चभोवतालच्या थोड्याशा वेलींचे. पुढे ते चार प्रदेशांतल्या मिसळीला लावले गेले, त्यात रीसलिंग थोडी आणि भरघोस पिकणारी म्युलर-थुर्गाउ अधिक. इंग्लंड-अमेरिकेत १९७० च्या दशकात ती प्रचंड खपली. आंबट बाजू कमकुवत असल्याने नुसती गोडी उरे, आणि तिच्यामुळे गोड जर्मन वाइन म्हणजे नवशिक्यांची वाइन असा समज पसरला, जो चांगल्या श्पेटलेझेला अजूनही भोवतो. वास्तविक एकोणिसाव्या शतकात ऱ्हाईन आणि मोझेलच्या उत्तम वाइन लंडनच्या बाजारात बोर्दोच्या नामवंत बाटल्यांच्या बरोबरीने, कधी चढ्या भावानेही विकल्या जात. काकांना हसू नये. त्या काळी बंदरात तीच मिळत असे.

प्रश्न : घरात चार-पाच वर्षे ठेवलेली रीसलिंग उघडली, तर तळाशी काचेसारखे खडे आणि वासाला चक्क रॉकेल. फेकून दिली. बरोबर केले ना? (एक वाचक, नागपूर)

नाही, फार हळहळ वाटली. ते खडे काचेचे नव्हते, साखरेचेही नव्हते. द्राक्षातले टार्टरिक आम्ल थंडीत पोटॅशियमशी जुळून तळाशी बसते, त्याला जर्मन ‘वाइनश्टाइन’, वाइनचा दगड, म्हणतात. एक खडा दाताखाली धरला असता तर आपल्याला आंबट लागला असता, आणि चव ओळखीची वाटली असती, कारण चिंचेचा आंबटपणाही प्रामुख्याने याच आम्लाचा आहे. बाटली काही तास उभी ठेवून सावकाश ओतली की खडे तळाशी राहतात.

रॉकेलचा वास हा तर मुरलेल्या रीसलिंगचा ठेवणीतला गुण मानला जातो. द्राक्षाच्या सालीतल्या रंगद्रव्यांचे वर्षानुवर्षे विघटन होऊन तो येतो. ज्या घडांना ऊन जास्त मिळाले त्यांच्यात तो अधिक. ग्लास थोडा वेळ हवेत ठेवला की मागून मध, वाळलेले जर्दाळू आणि संत्र्याची साल असे वास वर येतात. सगळ्यांना तो आवडतोच असे नाही, आणि तरुण बाटलीत रॉकेल भपकारत असेल तर मलाही ते नको वाटते. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरसट पोत्याचा वास आला तर मात्र बुचाचा दोष समजावा आणि ती बाटली खुशाल ओतून द्यावी.

प्रश्न : आम्ही श्टुटगार्टला राहतो. नवऱ्याच्या कार्यालयातल्या सहा जर्मन सहकाऱ्यांना मराठी जेवणाला बोलावले आहे, त्यांतले दोघे शाकाहारी. त्यांनी वाइन आणायची तयारी दाखवली असून ‘काय आणू’ असे विचारले आहे. गोड रीसलिंग आपल्या जेवणाबरोबर खरोखर चालते का, आणि जर्मन लोक ती कशाबरोबर घेतात? (एक वाचिका, श्टुटगार्ट)

आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो, कारण त्यात पहिल्याचे सूत्र आहे. आज जर्मन घरांत रोजच्या जेवणाला बहुधा ट्रॉकन घेतली जाते, आणि गोड काबिनेट पुष्कळदा उन्हाळ्याच्या संध्याकाळी गॅलरीत बसून नुसतीच पितात. पण तिच्या ठरलेल्या जोड्या आहेत. धूर दिलेला ट्राउट मासा आणि त्याबरोबर तिखट मुळ्याची मलई असेल तर काबिनेट. सेंट मार्टिनच्या सणाला, ११ नोव्हेंबरच्या सुमारास, भाजलेले हंस सफरचंद-लवंग घातलेल्या लाल कोबीबरोबर वाढतात, तेव्हा काही वर्षे मुरलेली श्पेटलेझे. ऱ्हाइनलंडमध्ये झाउअरब्राटन, म्हणजे व्हिनेगरात मुरवलेल्या मांसाचा रस्सा, मनुका घालून आंबट-गोड करतात. त्याच्याशीही जुनी श्पेटलेझे छान बसते. निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर औसलेझे घेतात, आणि माझ्या मते ही सगळ्यांत सुंदर जोडी आहे : चीजचे मीठ वाइनची गोडी वाढवते आणि वाइनचे आम्ल चीजचा स्निग्धपणा पुसून टाकते. याउलट वसंतातल्या पांढऱ्या श्पार्गेलला, म्हणजे शतावरीच्या कोंबांना, गोड वाइन मुळीच चालत नाही. तिथे कोरडी सिल्व्हानर हवी. आपण राहता तो प्रदेश तर लाल ट्रॉलिंगरचा, त्यामुळे पाहुण्यांना मोझेल किंवा नाहे खोऱ्यातली वाइन आणायला मुद्दाम सांगावे लागेल.

या जोड्यांत पाहिले तर खारट, स्निग्ध, आणि आंबट-गोड असे तीन धागे दिसतात. आपल्या जेवणात हे तिन्ही आहेत आणि चौथा तिखटाचा आहे. तिखटाचा हिशेब असा की अल्कोहोल मिरचीची आग वाढवते आणि साखर ती शमवते. म्हणून १४ टक्क्यांची लाल वाइन झणझणीत रश्श्याबरोबर तोंड पोळवते आणि ८ टक्क्यांची श्पेटलेझे त्याच रश्श्यानंतर गार वाटते.

आता आपला बेत. सुरुवातीला बटाटेवडे किंवा कोथिंबीर वडी असेल तर काबिनेट. तळणाचा तेलकटपणा आम्लाने कापला जातो आणि पुढच्या वडीची इच्छा राहते. मात्र वड्याबरोबरची लसणाची सुकी चटणी त्या वेळी जरा दूर ठेवावी, कारण लसूण पुढे अर्धा तास कोणत्याही वाइनचा वास लागू देत नाही. मासळी मिळाली तर रव्यात घोळून तळलेल्या माशाला फाइनहेर्ब पुरे. कोकम आणि नारळाच्या रसातली कालवणे असतील तर काबिनेट घ्यावी. पदार्थ आंबट असला की वाइनही निदान तितकी आंबट असावी लागते, नाही तर ती गुळचट भासते.

शाकाहारी पाहुण्यांची बाजू मला अधिक भक्कम वाटते. भरली वांगी, अळूचे फदफदे, चिंच-गुळाची आमटी या तिन्हींत दाण्याचा किंवा खोबऱ्याचा स्निग्धपणा, गोड्या मसाल्याची ऊब, चिंचेचे आम्ल आणि गुळाची गोडी एकत्र येतात. वर लिहिल्याप्रमाणे चिंच आणि द्राक्ष यांचे आम्ल एकच, त्यामुळे वांगे आणि श्पेटलेझे एकमेकांना परके वाटत नाहीत. मी हे घरी करून पाहिले आहे. भाकरीच्या तुकड्याने वांग्याचा दाट मसाला पुसून घेतला, घास संपल्यावर वाइनचा घोट घेतला, तर आधी दाण्याच्या कुटाचा जडपणा गेला, मग क्षणभर पीचसारखा वास आला आणि शेवटी गोड्या मसाल्यातले दगडफूल इतके स्पष्ट जाणवले की स्वयंपाकात ते जास्त पडले की काय अशी शंका आली. ज्या जोडीत वाइनमुळे पदार्थ अधिक कळतो ती जोडी जमली असे मी मानतो, आणि या कसोटीला भरले वांगे धूर दिलेल्या ट्राउटपेक्षाही सरस उतरले.

काही गोष्टी टाळाव्यात. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि खरा कोल्हापुरी तांबडा रस्सा यांच्यासमोर कोणतीही वाइन ठेवण्यात अर्थ नाही. तिथे पाणी आणि दही. ताकाची कढी आणि सोलकढी ही स्वतःच पेये आहेत, त्यांच्या शेजारी ग्लास भरू नये. श्रीखंड-पुरी आणि वाइन यांची सांगड घालू नये. ठाण्याच्या वाचिकेचे गुलाबजाम आठवावेत. शेवटी गोड म्हणून सफरचंदाचा जर्मन केक ठेवला, तर त्याच्याबरोबर औसलेझेची अर्धी बाटली शोभून दिसेल आणि पाहुण्यांनाही घरचे काही मिळेल.

सहा पाहुणे आणि आपण दोघे धरून काबिनेटच्या दोन आणि श्पेटलेझेच्या दोन बाटल्या पुरतील. शाकाहारी पाहुण्यांपैकी कोणी काटेकोर असेल तर लेबलवर ‘व्हेगन’ असे लिहिले आहे का ते पाहायला सांगावे. काही ठिकाणी वाइन नितळ करण्यासाठी जिलेटिन, माशांच्या पिशवीपासून केलेला पदार्थ किंवा दुधातले केसिन वापरतात. बेत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असेल, तर पाहुणे कदाचित ‘फेडरवाइसर’ घेऊन येतील. ती अजून आंबत असलेली, गढूळ, गोड नवी वाइन असते आणि जर्मन ती कांद्याच्या केकबरोबर पितात. आपण त्या दिवशी कांदाभजी करावीत. त्या बाटलीचे झाकण वायूला वाट राहावी म्हणून मुद्दाम सैल असते, तेव्हा ती शीतकपाटात आडवी ठेवू नये.

प्रश्न : मधुमेह असताना ही वाइन अगदीच वर्ज्य का? (एक वाचक, मुंबई)

शंभर मिलिलिटर श्पेटलेझेत साधारण सहा ते नऊ ग्रॅम साखर, म्हणजे एक ते दोन चहाचे चमचे. कोलासारख्या पेयात तेवढ्याच मापात साडेदहाच्या आसपास ग्रॅम असते. आम्लामुळे साखर प्रत्यक्षात आहे त्याहून कमी भासते, हा यातला धोका. शिवाय इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अल्कोहोलमुळे रक्तातली साखर एकदम खालीही जाऊ शकते. तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे. या स्तंभाचा सल्ला इथे थांबतो.

प्रश्न : आम्ही घरात दोघेच. एवढी बाटली एका बैठकीत संपत नाही. उरलेली किती दिवस टिकते आणि किती गार प्यावी? (एक वाचिका, कोल्हापूर)

काबिनेट आणि श्पेटलेझे ८ ते १० अंशांना चांगली लागते. आपल्या हवेत बाटली शीतकपाटातून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तेवढी येते. पुढे ती लवकर तापते, म्हणून ग्लासात थोडीथोडीच ओतावी. बर्फाचे खडे टाकू नयेत, कारण आधीच हलकी असलेली वाइन त्याने अगदी पाणचट होते. झाकण घट्ट लावून शीतकपाटात ठेवली तर साखर आणि आम्ल या दोन्हींमुळे ती पाच-सहा दिवस सहज टिकते, आणि तरुण बाटली पुष्कळदा दुसऱ्या दिवशी अधिक खुलते. सातव्या दिवशीही कपभर उरलीच, तर सोललेले नाशपाती त्यात दोन लवंगा घालून मंद आचेवर झाकून शिजवावेत. वेगळी साखर लागत नाही.